माझ्या नावावरचं ऑपरेशन

बुलढाण्याच्या बाजारात मी मेथीची जुडी हातात घेऊन पिवळी पानं शोधत होतो. जुडी विकणारी बाई एकदम उठली, पोत्यावरचा पालक ओलांडून आली आणि भर गर्दीत माझ्या पायाशी वाकली. मी मागे सरकलो, तर माझी टाच कुणाच्या तरी टमाट्यावर पडली. "ओळखलं नाही का साहेब? मी सोजराबाई, रोहिणखेडची. तुमीच तं मले वाचोलं. अपेंडिसचं ऑपरेशन केलं नाही का मांगच्या साली?" मी तिच्याकडे बघत राहिलो. मला माणसांची नावं आठवत नाहीत, चेहरेही फार आठवत नाहीत. पण उघडलेलं पोट मी विसरत नाही. हे पोट मी उघडलेलं नव्हतं. मागे तिचा नवरा रामराव एका गिऱ्हाइकाची वांगी तोलत होता, तो तराजू तसाच धरून हसला. "भूल उतरली नोती तिची, तिले काय कळते. पन मी होतो ना साहेब. तुमी काढलं अन् सिस्टरच्या हातानं ट्रेमधी बाहेर पाठोलं दाखवाले. एवढं. करंगळीएवढं." त्यानं आपली करंगळी वर करून दाखवली. तेवढ्यात सोजराबाईनं माझा हात धरला आणि लुगड्यावरूनच उजव्या कुशीखाली नेऊन ठेवला. "हे पाहा ना जरासं. खोकलं का फुगून येते. पोतं उचललं का दुखते." ती खोकली. माझ्या बोटांखाली काहीतरी मऊ, गरम, उंदरासारखं पुढे आलं आणि परत आत गेलं. शिवलेलं आतून सुटलं होतं आणि आतडं त्या फटीतून बाहेर डोकावत होतं, म्हणजे हर्निया. मी हात काढून घेतला. खरं तर त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की बाई, मी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. पण मी म्हणालो, "हो हो, ओळखलं ना." वर तिनं मेथीचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी ती जुडी तशीच कचऱ्यात टाकली आणि हात दोनदा धुतले, तिसऱ्यांदा धुताना माझी मलाच लाज वाटली.

माझं नाव तिथं कसं गेलं हे मला नीट माहीत होतं, मीच दिलं होतं. राजूर घाट उतरलं की पुढे रस्त्याला लागून डॉ. हरिओम यांचं हॉस्पिटल आहे. सरकारी योजनेत फुकट ऑपरेशनं करायची तर हॉस्पिटलच्या यादीवर सर्जन लागतो, एमएस झालेला, नोंदणी असलेला. हरिओम स्वतः सर्जन नाहीत. म्हणून ते सर्जनचं नाव घेतात. आमच्यात याला कुणी वाईट म्हणत नाही. 'नाव लावलंय तिकडे' असं आम्ही एकमेकांना सांगतो, तेही चहा पिताना. मी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स दिल्या, कोऱ्या फॉर्मांवर सह्या दिल्या आणि हाताची घडी घातलेला एक फोटो दिला. तो फोटो त्यांनी हॉस्पिटलच्या दारावर फ्लेक्सवर लावला. मी तिथं आठवड्यातून एकदा जायचं, जड केस असली तर करायची, असं ठरलं होतं. बाकीच्या दिवशी माझ्या नावाखाली कोण काय कापतं हे मी विचारलं नाही. न विचारण्यात माझी हुशारी आहे असंच मला वाटायचं. सोजराबाईनं पाच दिवस तिथं राहून येता-जाता माझा तो फोटो बघितला असणार, आणि त्या हाताची घडी घातलेल्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले असणार. पाऊस खाऊन तो फ्लेक्स गालाजवळ फुगलाय, तिथं बुरशी धरलीय.

सर्जनला कामाची काय कमी, असं आमच्या धामणगाव बढ्यात सगळेच म्हणतात. माझे वडील, महादेवराव, बी-बियाण्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला सोयाबीनच्या पिशवीबरोबर माझी डिग्री पण दाखवतात. त्यांना कोण सांगणार, की मी जनरल सर्जन झालो तोवर पोटाचे वाटे होऊन गेले होते. मुतखडा मूत्ररोगवाला घेऊन गेला, गर्भपिशवी बायकांच्या डॉक्टरनं घेतली, पित्ताशय दुर्बिणवाल्यानं, स्तनाची गाठ कॅन्सरवाल्यानं. जनरल या नावाखाली उरलं काय, तर गळू, मूळव्याध, हायड्रोसील, हर्निया आणि अपेंडिक्स. त्यातही ज्याचा स्वतःचा दवाखाना आहे त्याला. माझं थिएटर गाडीच्या डिक्कीत होतं. मलकापूरला सकाळी गळू, मेहकरला दुपारी हर्निया, जानेफळच्या एका डॉक्टरनं बोलावलं म्हणून तिकडे वळावं तर पेशंट तोवर अकोल्याला गेलेला. एकदा इथल्याच एका गावातल्या दवाखान्यात मी खुर्चीवर बसलो होतो आणि डॉक्टर मला म्हणाले, सर, तुमचा हात चांगला आहे हो, पण तुमच्या अगोदरचा सर्जन आमच्या मुलीच्या लग्नाला फ्रीज घेऊन आला होता. हे बोलताना ते हसत होते. मी पण हसलो.

मुलाखती मी दिल्या नाहीत असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी थेट मुलाखत निघाली होती, अकरा महिन्यांचा करार, एक जागा. आम्ही सतरा सर्जन एका व्हरांड्यात लोखंडी खुर्च्यांवर फायली मांडीवर घेऊन बसलो होतो. चहाचे कप फिरले, त्यावर साय धरली, कुणी पितही नव्हतं. तिसऱ्या खुर्चीवर माझे सर बसले होते. ज्यांनी मला आतड्याला टाका कसा घालायचा ते शिकवलं ते सर, निवृत्त झालेले, केस रंगवलेले. रंग कानाच्या पाळीला लागला होता. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघंही आपापल्या फायलीत काहीतरी शोधायला लागलो. एक कारकून येऊन ओरडला, "झेरॉक्सचे दोन संच नसतील त्यायनं आताच जाऊन आणा," आणि सर उठले, खाली रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे पळत गेले. धावताना त्यांच्या पँटचा मागचा खिसा उलटा बाहेर आला होता. मी वरून बघत होतो आणि मला त्यांची दया यायला हवी होती. मला किळस आली, त्यांची, माझी, त्या सायीची. जागा आम्हा दोघांनाही मिळाली नाही. संभाजीनगरच्या एका मोठ्या काचेच्या हॉस्पिटलात मला विचारलं, तुम्ही बुलढाण्याचे ना, मग महिन्याला तिकडून किती पेशंट आणाल? मी म्हटलं, मी ऑपरेशन करतो, पेशंट आणत नाही. तो पोरगेलासा मॅनेजर पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणाला, सर, ऑपरेशन करणारे खूप आहेत. हे सगळं मी आज काही स्वतःचा बचाव म्हणून आठवत नाही. बचाव करण्यासारखं मी काही ठेवलेलंही नाही.

बाजारातल्या त्या दिवसानंतर मी हरिओमांकडे गेलो. ते जेवत होते. ताटातल्या वरणात बोट फिरवत त्यांनी माझं सगळं ऐकलं. "तिला जिल्हा रुग्णालयात पाठवतो," मी म्हणालो. मग बोट थांबलं. "काऊन? तिथं दुसरा सर्जन उघडल, आतले टाके पाहील अन् विचारल, कोनं शिवलं हे? कागदावर नाव कोनाचं हाये, कुलदीपभाऊ?" त्यांनी बोट चाटलं. "आपल्या शिवमनं केलं असन घाईघाईत. भाचा हाये, शिकून राह्यला. घरातलं घरात मिटवा ना. तिले इथंच बोलवा, तुमी सोता करा, जाळी टाका चांगली. योजनेत बसते." मी उठलो तेव्हा ते मागून म्हणाले, "अन् एक तारखेपासून तुमी आपले इथंच. पूर्ण वेळ. केबिन खाली करून ठेवली. कवापर्यंत डिक्कीत थिएटर घेऊन फिरसान?" शिवम सर्जन नाही, त्याला चाकू धरायचा परवाना नाही. मला त्या क्षणी चीड यायला हवी होती. आली ती फक्त थोडी, आणि तिच्या खालून एक उबदार गोष्ट वर आली, केबिन. खिडकी असेल का तिला, असा विचार मी चक्क घाटात गाडी चालवताना केला. स्वतःच्या आत असं काहीतरी सापडतं आणि ते चप्पल काढून झोडावंसं वाटतं, पण ते आपलंच असतं, कुठं झोडणार. मनात मी असं जुळवलं की माझ्या नावानं झालेलं वाईट काम मी स्वतः नीट करून देतोय, म्हणजे ही एक तऱ्हेची भरपाईच आहे.

सोजराबाईला कमरेत सुई दिली. छातीपासून खाली बधिर, वर जागी. तिच्या गळ्यापाशी हिरव्या कापडाचा पडदा टांगला होता, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता. भूलतज्ज्ञ कोपऱ्यात मोबाइलवर होते, त्यांना खामगावला दुसरी केस होती. सिस्टर मुबीना माझ्यासमोर उभी. ती या हॉस्पिटलात सगळ्यात जुनी, हात हलके, बोलणं कमी. "मांगच्या वक्ताले मले काहीच समजलं नोतं साहेब," पडद्यापलीकडून सोजराबाई म्हणाली. "आता सगळं आयकू येऊन राह्यलं. तुमी बोलत जा, मले भेव नाही वाटत." मी जुन्या व्रणावरूनच गेलो. खाली टाक्यांचं काय ते गबाळ होतं, पोतं शिवल्यासारखं, जाड दोऱ्यानं, कुठंही. ते सोडवत मी आत गेलो, हर्नियाची पिशवी उघडली, बाहेर आलेलं आतडं अलगद बोटांत घेतलं. मोठ्या आतड्याची ती सुरुवात होती. आणि तिच्या टोकाला, जिथं फक्त बांधलेलं एक बूड असायला हवं होतं, तिथं अपेंडिक्स होतं. पूर्ण. गुलाबी, लवचीक, बोटाला जरा गुंडाळलेलं. त्याला कधी कुणी हातही लावलेला नव्हता. शिवमनं पोट उघडलं असणार, त्याला ते सापडलं नसणार, घाबरून तसंच शिवलं असणार.

मी मुबीनाकडे बघितलं. तिनं ते बघितलं होतं. मास्कच्या वरचे तिचे डोळे खाली गेले. "मग ट्रेमध्ये काय दाखवलं होतं?" मी हळू विचारलं. ती इतकं हळू म्हणाली की मला ओठ दिसत नसताना ते कसं कळलं कोण जाणे. "बाटलीतलं असते सर. एक ठेवलेलं हाये. काही सापडलं नाही का तेच दाखोतात." कुणाच्या पोटातलं ते, किती वर्षांचं, किती नवऱ्यांनी ते बघून हात जोडले, हे मी विचारलं नाही. मास्कच्या आत स्वतःच्याच श्वासाचा वास यायला लागला. "सापडलं का काही साहेब?" पलीकडून सोजराबाईनं विचारलं. "थांबा थोडं," मी म्हणालो.

करायचं काय ते अगदी सरळ होतं. अपेंडिक्स चांगलं आहे, तर त्याला हात लावायचा नाही. आतडं आत ढकलायचं, फटीवर आधाराला जाळी बसवायची, शिवायचं. पोती उचलणाऱ्या बाईला जाळी हवीच, तिच्याशिवाय नुसते टाके वर्षा-दोन वर्षांत पुन्हा फाटतात. आणि मग बाहेर जाऊन रामरावला सांगायचं, की तुमच्या बायकोचं अपेंडिक्स काढलेलंच नाही, ते आत आहे, कधी सुजलं तर डॉक्टरला हे सांगा. एवढंच वाक्य. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य होतं, मग मागच्या साली तुमी काय काढलं, आणि त्याच्या मागे माझी सही होती. आणि सहीच्या मागे ती केबिन. उलट, मी ते आत्ता कापलं तर? तर मागच्या वर्षीचा कागद खरा होतो. व्रण आहे, कागद आहे, अपेंडिक्स नाही. कुणीही उघडू दे. पण आतड्याला कात्री लागली की जाळी टाकत नाहीत. आतली घाण जाळीत बसते, महिनोन्महिने पू वाहतो. म्हणजे जाळी नाही, नुसते टाके. माझी अब्रू नाहीतर तिचं पोट. मी हा विचार इतका स्पष्ट करत होतो की मला वाटलं मुबीनाला ऐकू जातंय. मग माझ्या डोक्यातल्या शहाण्या माणसानं एक कारण काढून दिलं. उद्या हिचं अपेंडिक्स खरंच सुजलं, तर व्रण बघून कुणी डॉक्टर त्याचा विचारच करणार नाही, बाई मरेल, म्हणजे काढणं तिच्याच हिताचं. हे कारण खोटंही नव्हतं. फक्त त्यावर उपाय म्हणून एक वाक्य पुरलं असतं आणि मी कात्री मागितली.

मुबीनानं लगेच दिली नाही. तिचा हात ट्रेवर तसाच राहिला. "सर, चांगलं हाये ना ते," ती म्हणाली. मी पुन्हा मागितली. तिनं दिली. मी आयुष्यात इतकं सुबक काम फार कमी वेळा केलं असेल. सरांनी शिकवलं होतं तसं, रक्तवाहिनी बांधून, बुडाशी गाठ मारून, एक थेंब न सांडता. निरोगी अवयवाला काही प्रतिकार नसतो, तो लगेच सुटून येतो. तो चिमट्यात लोंबत होता तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला ठेवायला कुठं जागाच नाही. तपासणीला पाठवता येत नाही, कारण कागदावर ते गेल्या वर्षीच निघालंय. नवऱ्याला दाखवता येत नाही, त्यानं एक बघितलंय. मी आज केलेलं ऑपरेशन लिहिता येत नव्हतं आणि जे लिहिलेलं होतं ते मी केलंच नव्हतं. मुबीनानं कचऱ्याची लाल पिशवी पुढे केली. त्यात रक्तानं भिजलेले कापसाचे बोळे होते, मी ते त्यांच्यात टाकलं. मग पोट शिवलं, जितकं घट्ट शिवता येतं तितकं.

बाहेर हरिओम उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की जाळी टाकता आली नाही. त्यांनी काऊन विचारलं नाही. आतल्या टेबलावर जाळीचं खोकं न उघडता पडलं होतं, ते आणून त्यांनी माझ्यासमोर धरलं. खोक्यावर नंबराचं एक स्टिकर असतं, ते पेशंटच्या फायलीत चिकटवावं लागतं, मग योजनेला कळतं की जाळी पोटात गेली. "मंजुरी जाळीची घेतली आपन," ते म्हणाले. "फाईल तशी लागन." मागच्या वर्षी ते मला विचारत नव्हते, माझ्यामागे करत होते. आज ते खोकं माझ्यासमोर धरून वाट बघत होते. त्यांच्या नखांत वरणाचा पिवळेपणा होता. मी नखानं स्टिकरचं टोक उचललं. ते नीट निघालं नाही, मधे फाटायला लागलं, म्हणून मी श्वास रोखून सावकाश सोडवलं आणि सोजराबाईच्या फायलीत, चौकोनात बरोबर बसवून, अंगठ्यानं दाबलं. खाली सही केली. या वेळी फॉर्म कोरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. सोजराबाई उशीला टेकून बसली होती, रामराव बशीत चहा ओतून तिला देत होता. मला बघून दोघांचेही चेहरे असे उजळले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी पट्टी बघितली, पट्टी कोरडी होती. "साहेब," रामरावनं विचारलं, "आता तं पोटात काही राह्यलं नाही ना?" "नाही," मी म्हणालो, आणि हे मात्र खरं होतं. सोजराबाईनं बशी खाली ठेवली. "अन् जाळी?" "बसली." माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला. ती हसली, नवऱ्याकडे बघून मान हलवली, मग माझ्याकडे वळली. "मंग मले एक सांगा. हे एकटे किती करतीन? बाजाराचं पोतं मीच उचलत होती. जाळी हाये म्हणल्यावर आता उचललं तं चालते ना?" मी म्हणालो, तीन महिने नाही. "तीन महिने नाही उचलत," ती म्हणाली. "तुमची शपथ. पन त्याच्यानंतर उचलू ना?" रामरावही माझ्या तोंडाकडे बघत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी, तिची सून, दारात उभी मुबीना, सगळेच बघत होते. पुढचं एक वाक्य मला अजूनही बोलता आलं असतं.

"उचला," मी म्हणालो.